जुन्या सागाच्या कड्यांचा बेंच टॉप : दोन पावसाळ्यांनंतर

चौतीस वर्षं मी पॅटर्नमेकर म्हणून काम केलं. आधी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात, नंतर शिरोली एमआयडीसीत. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो आमचा धंदा. ओतलेलं लोखंड गार होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आक्रसतं, म्हणून आमची मोजपट्टीही तेवढी वाढीव आखलेली असते. अर्ध्या मिलिमीटरवरून पॅटर्न परत येतो. अशा कामाला बेंच, म्हणजे ज्यावर काम करतो ते भक्कम मेज, हलता किंवा वाकलेला चालत नाही, कारण बेंचचा बाक जॉबमध्ये, म्हणजे हातातल्या कामात, उतरतो.

निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप मांडलं. पहिली गरज बेंचची. मोटारपंपाच्या जुन्या पॅटर्नची दुरुस्ती, शेजारपाजारची दारं-खिडक्या, नातीच्या शाळेचे प्रकल्प, एवढंच काम असतं. पण बेंच मात्र कंपनीत होता तसाच भक्कम हवा होता. एप्रिल २०२४ मध्ये टॉप बसवला. आता त्याने दोन पावसाळे काढलेत, तेव्हा लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात कुठलाही टॉप सपाटच असतो.

आधी लाकडाचं सांगतो. माझ्यासमोर तीन वाटा होत्या.

पहिली, १८ मिलिमीटर प्लायचे तीन-चार थर चिकटवून टॉप करायचा. स्वस्त पडतं, सपाट राहतं, आणि घाई असेल तर मी अजूनही हेच सुचवेन. पण प्लायला रंधा मारता येत नाही. दहा वर्षांनी टॉपला खड्डे पडले की वरचा थर बदलण्यावाचून गती नाही. मला असा टॉप हवा होता की रंधा मारला की परत नवा.

दुसरी, रबरवुडचा तयार फळा. केरळातल्या रबराच्या झाडांचं हे लाकूड बोटजोड करून (तुकड्यांची टोकं बोटांसारखी एकमेकांत अडकवून) आठ बाय चारच्या शीटमध्ये मिळतं. दिसायला देखणं, कामाला सोपं. पण या लाकडाला मुळात बुरशी आणि किडा लवकर लागतो, म्हणून ते औषध पाजूनच विकावं लागतं. आमच्या शेडमध्ये जून ते सप्टेंबर हवा ओली असते, चारी बाजूंनी वारा येतो. तिथे हा फळा ठेवायला माझं मन धजलं नाही. घरात, कोरड्या खोलीत कुणी बेंच करणार असेल तर जरूर घ्यावा.

तिसरी वाट सागाची. इथे मी आधी एका मोठ्या दुकानात गेलो, नाव लिहीत नाही. तिथे नवा साग 'पूर्ण सिझन्ड', म्हणजे नीट वाळवलेला, म्हणून दाखवला. मी ओलावा मोजायचं छोटं यंत्र घेऊन गेलो होतो. फळीच्या टोकाला लावलं तर १२ टक्के. मी म्हटलं, टोक नको, दोन इंच कापून आतलं दाखवा. कुरकुर करत कापलं. ताज्या कापावर आकडा आला २१. टोकातून पाणी लवकर उडतं, त्यामुळे टोकाचा आकडा फसवा असतो. २१ टक्के ओल्या लाकडाचा टॉप केला असता तर येत्या उन्हाळ्यात सांध्यांना चिरा पडल्या असत्या. तीन इंच जाडीचं लाकूड नुसत्या हवेवर वाळायला वर्षं लागतात. इंचाला एक वर्ष असा आमच्याकडचा ढोबळ हिशेब.

मग मी टिंबर मार्केटातल्या एका जुन्या वखारीत गेलो. पाडलेल्या घरांचं लाकूड तिथे येतं. गावात जुनी माडीची घरं पाडली जातायत, त्यांच्या तुळया, कड्या (तुळयांवर आडवी टाकलेली लाकडं), खांब, चौकटी, सगळं तिथे रचलेलं असतं. या वखारीचंही नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि मालकाशी ती तोंडावर बोलून झाली आहे.

वखारीतला सर्वांत मोठा गुण आधी सांगतो. मालकांनी मला दोन तास रचलेल्या ढिगात वर-खाली करू दिलं. एक पोरगा मदतीला दिला, चहा दिला, घाई केली नाही. नव्या लाकडाच्या दुकानात वरची फळी उचलून दिली जाते. इथे मी चाळीसेक कड्यांतून सहा निवडल्या. निवडताना तीन गोष्टी बघितल्या.

एक, आवाज. कडी दोन ओंडक्यांवर ठेवून हातोडीने लांबीभर हळू ठोकत जायचं. निरोगी लाकूड ठणठणतं. आत पोखरलेलं असेल तर बद्द आवाज येतो, मडक्याला तडा गेल्यासारखा. दोन, वर्षांची वलयं. टोक ब्लेडने खरवडून वलयं कशी जातात ते बघायचं, कारण पट्ट्या कुठल्या अंगाने उभ्या करायच्या हे त्यावर ठरतं. तीन, गाळ. कोल्हापुरात हे विशेष. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतर अनेक जुनी घरं पडली किंवा पाडावी लागली. त्या घरांचं लाकूडही बाजारात आलेलं असतं. साग पाण्यात राहिला म्हणून लगेच वाया जात नाही, पण त्याच्या खाचांत आणि चिरांत गाळ वाळून बसलेला असतो. एका कडीची खाच मी खिळ्याने उकरली तर राखाडी भुकटी सुटली, बोटांत चोळली तर कचकच. ती वाळू करवतीचे दात खाते आणि रंध्याची धार पाच मिनिटांत घालवते. ती कडी बाजूला ठेवली.

ओलावा मोजला. सहाही कड्यांना मध्यावर १० ते ११ टक्के. घराच्या छपराखाली किती दशकं काढली असतील कुणास ठाऊक. या लाकडाचं जे काय आक्रसायचं, पिळवटायचं ते केव्हाच होऊन गेलेलं. माझ्या मते बेंचसाठी हाच जुन्या लाकडाचा खरा फायदा. लोक जाडी विचारतात, कठीणपणा विचारतात. कठीण तर बाभूळही असते, सागापेक्षा जास्त. पण टॉपसाठी लाकूड जागच्या जागी राहणारं पाहिजे. साग मुळातच कमी हलतो, आणि जुना साग तर शांतच झालेला असतो.

आता मोजणीची तक्रार. लाकूड घनफुटावर विकतात: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. माझ्या कड्या ४ बाय ५ इंची, आठ फूट लांब. म्हणजे एक कडी १.११ घनफूट, सहा कड्यांचे ६.६७. भाव तेव्हा घनफुटाला २,८०० रुपये. पण प्रत्येक कडीचं एक टोक अर्धा फूट भिंतीत गाडलेलं होतं. मातीच्या भिंतीत ओल राहते, त्यामुळे ते टोक काळं पडून भुसभुशीत झालेलं, नख लावलं तरी निघत होतं. मी म्हटलं, लांबी साडेसात धरा. साडेसातने हिशेब बरोबर ६.२५ घनफूट येतो, १७,५०० रुपये. मालक म्हणाले, "पाव्हणं, सगळीकडं टोकासकटच मोजत्यात. जुनं लाकूड हाय." शेवटी १८,५०० ला तोडलं. म्हणजे हजार रुपये मी कुजक्या टोकांचे दिले. जुनं लाकूड आहे म्हणूनच निरोगी भाग मोजायला हवा, हे माझं मत मी त्यांना सांगितलं आणि इथेही सांगतो. तुम्ही गेलात तर भाव ठरवायच्या आधी लांबी कुठून कुठपर्यंत ते ठरवून घ्या. मी उलटं केलं.

वखारीलाच लागून सॉ मिल आहे, कापून तिथेच घेतलं. कापायच्या आधी खिळे काढणं हे जुन्या लाकडातलं सर्वांत किचकट काम. दिसणारे खिळे मी पक्कड आणि पहारीने काढले. आतले शोधायला एक जुना उपाय आहे: बंद पडलेल्या लाउडस्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधायचं आणि लाकडावरून सावकाश फिरवायचं. खिळा जवळ आला की दोरा तिरका होतो. अशा रीतीने सहा कड्यांत एकूण सतरा खिळे सापडले.

अठरावा सापडला नाही.

तिसरी कडी करवतीवर होती. करवतीवरचा माणूस पन्नाशीचा, बोलणं कमी. लाकूड ढकलता ढकलता त्याने एकदम हात आखडला, मशीन बंद केलं. "मेस्त्री, आत लोखंड हाय. आवाज बदलला." मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं, आणि मी आयुष्यभर करवतीशेजारी काढलंय. कडी मागे ओढली, काप उघडून बघितला. लाकडाच्या आत इंचभर खोल एक काळा ठिपका, भोवती पैशाएवढा काळा डाग. पटाशीने उकरून काढला तर तीन इंचाचा चौकोनी खिळा, लोहाराने ठोकलेला, टोकाकडे निमुळता, डोकं गंजून गेलेलं. डोकं नाही म्हणून वरून दिसला नाही, आणि खोल म्हणून चुंबकाला लागला नाही. पात्याचे दोन दात गेले होते. तो माणूस थांबला नसता तर पातं तुटून कुठे गेलं असतं सांगता येत नाही. पात्याला धार लावण्याचे पाचशे रुपये मी दिले, ते योग्यच होते. कापण्याचे अकराशे वेगळे. या वखारीत कापायला कुणी गेलं तर माझं सांगणं एकच: त्या करवतीवाल्याच्याच हातून कापून घ्या, दुसरा कुणी असेल तर दुसऱ्या दिवशी या.

पाचव्या कडीने मात्र फसवलं. ठोकून बघितली तेव्हा आवाज ठीक होता. उभी कापली तर भिंतीतल्या टोकाकडून वाळवी आत शिरलेली, अडीच फुटांपर्यंत. बाहेरून कवच शाबूत आणि आत मातीचं भुयार. वाळवी सागाच्या गाभ्यात सहसा जात नाही, पण या कडीत एका अंगाला पांढरं, सालीलगतचं लाकूड राहिलं होतं, तिने तोच रस्ता धरला. मी बदलून मागितली. "कापल्यालं लाकूड परत न्हाई घेत." आतलं बघायला कापण्याशिवाय मार्ग नाही, आणि कापलं की परत नाही, असा हा नियम. तो मला पटलेला नाही. निदान निम्मे पैसे सोडायला हवे होते.

त्यामुळे २४ इंच रुंद ठरवलेला टॉप २० इंचांचा झाला. एका कडीतून दोन पट्ट्या, रंधून प्रत्येकी दोन इंच; पाच कड्यांच्या दहा पट्ट्या. मागच्या बाजूला वाळवीच्या कडीचा निरोगी तुकडा वापरून चार इंची खोलगट कप्पा केला. त्यात पटाश्या, गुण्या, पेन्सिल ठेवतो. लांबी सहा फूट, जाडी तीन इंच. वजन पंचेचाळीस किलोच्या घरात.

पट्ट्या जोडताना ज्या गोष्टींनी फरक पडला त्या लिहितो. वलयं टॉपच्या वरच्या पृष्ठाशी उभी येतील अशा पट्ट्या फिरवल्या. लाकूड वलयांच्या कडेने जास्त फुगतं आणि वलयांना आडवं कमी फुगतं, जवळजवळ निम्म्याने. वलयं उभी ठेवली की रुंदीतला फुगवटा कमी होतो आणि टॉप वाटीसारखा वळत नाही. सगळ्या पट्ट्यांची रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, एकाच बाजूला धावेल हेही बघितलं, नाहीतर रंधा एका पट्टीवर गुळगुळीत जातो आणि शेजारचीवर टवके काढतो.

सागात तेल असतं, म्हणून चिकटवायच्या आधी नुसतं पुसून भागत नाही. रंधा मारून तासाभराच्या आत, अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून, तो उडाला की लगेच फेविकॉल मरीन लावलं. नेहमीचं पांढरं फेविकॉल घरात चालेल, पण ओल्या शेडसाठी मला पाण्याला टिकणारंच हवं होतं. दोन पावसाळ्यांत एकही सांधा उघडलेला नाही. डिंक दोन्ही अंगांना लावा, क्लॅम्प आवळल्यावर सांध्याच्या लांबीभर बारीक मणी बाहेर आले पाहिजेत. मणी नाहीत तिथे डिंक नाही.

दहाही पट्ट्या एकदम चिकटवल्या नाहीत. पाच-पाचचे दोन गठ्ठे केले, दहा-दहा इंचांचे. कारण साधं आहे: ओळखीच्या फर्निचरवाल्याकडे बारा इंची थिकनेसर, म्हणजे लाकूड एकसारख्या जाडीचं रंधणारं मशीन, आहे. प्रत्येक गठ्ठा त्यातून काढून एकसारख्या जाडीचा केला, मग मधला एकच सांधा घरी हाताने जुळवला. वीस इंची टॉप संपूर्ण हाताने सपाट करायला मला दोन दिवस लागले असते. अशाने अर्ध्या दिवसात झालं. मधल्या सांध्यासाठी दोन्ही कडा पुस्तकासारख्या मिटवून एकत्र रंधल्या, म्हणजे रंधा जरासा तिरका गेला तरी दोन्ही कोन एकमेकांना पूरक येतात. साग पात्याची धार फार लवकर खातो, त्याच्यात सिलिका, म्हणजे वाळूतलाच कठीण पदार्थ, असतं. दर वीस मिनिटांनी धार लावावी लागली. कंटाळा केला तर लाकूड कापलं जात नाही, नुसतं चोळलं जातं.

पाय बाभळीचे, गावाकडून आणलेले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. जड आहेत, हलत नाहीत. पण टॉप पायांच्या चौकटीला कसा धरला ते महत्त्वाचं. मधल्या रांगेतले दोन बोल्ट घट्ट, बाकीच्या बोल्टांची चौकटीतली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट, १० मिलिमीटरच्या बोल्टला १८ मिलिमीटरची खाच. खाली मोठा वॉशर. लाकूड पावसाळ्यात फुगणारच. त्याला जागा दिली तर ते निमूट सरकतं, सगळीकडून आवळलं तर ते फाटतं किंवा चौकट वाकवतं.

वर तीन हात जवसाचं उकळलेलं तेल, पहिल्या हातात निम्मं टर्पेंटाइन. वर लावलं तेवढंच खालून लावलं. खालची बाजू कोरडी सोडली तर ती जास्त ओल पिते आणि टॉप वळतो. व्हार्निश मुद्दाम टाळलं, त्यावर जॉब घसरतो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं, आणि ढिगातली फडकी आपोआप पेट घेतात. पसरून उन्हात वाळवा, मगच टाका.

आता निकाल. टॉपच्या मध्यावर एक बारीक रेघ मारून ठेवली आहे, दर दोन महिन्यांनी तिथेच रुंदी मोजतो. मे महिन्यात ५०८ मिलिमीटर. पहिल्या पावसाळ्यात ऑगस्टअखेर ५१०. डिसेंबरात पुन्हा ५०८.५. दुसऱ्या पावसाळ्यात, २०२५ च्या ऑगस्टात, परत ५१०. म्हणजे दोन मिलिमीटरची ये-जा, ठरल्या वेळेला. सरळपट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला तर सर्वांत जास्त फट ०.३ मिलिमीटर. दोन टोकांना दोन सारख्या पट्ट्या ठेवून डोळा लावला तर पीळ नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा हलका रंधा फिरवला, दुसऱ्यानंतर त्याचीही गरज पडली नाही. कंपनीतला बेंच यापेक्षा जाड होता, पण यापेक्षा सपाट नव्हता.

लाकूड, कापणी, डिंक, तेल, बोल्ट, थिकनेसरचं भाडं धरून खर्च साडेतेवीस हजारांच्या आसपास गेला, वाइस (जॉब धरायचा शिकंजा) सोडून. नव्या, खरोखर वाळलेल्या सागात एवढ्या खर्चात हे झालं नसतं. वखारीच्या लाकडाला मी पैकीच्या पैकी गुण देतो, करवतीवरच्या माणसाला त्याहून जास्त, आणि मोजणीला व परतीच्या नियमाला शून्य.

एक राहिलं. चौथ्या कडीच्या खाचेजवळ, तुळईवर बसायच्या जागी, पटाशीने मारलेल्या चार उभ्या खुणा होत्या. कुठली कडी कुठल्या जागी बसायची हे कळावं म्हणून जुने सुतार अशा खुणा मारत. बरोबर चार, सारख्या खोलीच्या, एका फटक्यात मारलेल्या. थिकनेसरमध्ये त्या गेल्या असत्या, म्हणून ती पट्टी मी सर्वांत पुढे घेतली, खुणांची बाजू बाहेर ठेवली आणि त्या कडेला फक्त तेल लावलं. काम करताना पोट टेकतं ते तिथेच. नात विचारते तेव्हा तिचं बोट धरून त्या चारही खाचांवरून फिरवतो. पुढच्या महिन्यात तिच्यासाठी तीन फुटी छोटा बेंच करायचाय, दोन कड्या पुरतील. वखारीत जाणार आहे ती तीच, फक्त आधी लांबी ठरवणार.